चावी

शेवटच्या दिवशी गुरसिद्धप्पानं
चार फुटी लोखंडी चावी माझ्या खांद्यावर टाकली, म्हणाला,
"हे जड नाही बघ. पावणेचार जड हाय."

मी हसलो.
बावीस वर्षं रातपाळी केलेला माणूस,
मला रात्रीची काय भीती?
टॉवेलचे माग खडखडत असताना
कारखान्याच्या खिडकीत फटफटलं की मी डबा बांधायचो,
दाजी पेठेतल्या ताज्या रांगोळ्यांना वळसा घालून
घरी झोपायला.
उजाडणं हीच माझी अंगाई.

मग शेठनं रातपाळीच बंद केली
आणि पालिकेच्या कंत्राटावर नाव चढलं:
कोंड्याल मल्लेशम, पाणी सोडणारा.

पहिल्या सोमवारी गजर वाजला.
वाजला असणार.
साखर पेठेला पाणी पन्नास मिनिटं उशिरा गेलं.
धावत पोचलो तेव्हा नळांपाशी
घागरी, ड्रम, रंगाचे धुतलेले डबे,
आणि कुणीच शिवी दिली नाही.
एका म्हातारीनं तेवढं तेलुगूत विचारलं,
"झोप बरी लागली ना, बाळा?"

त्या रात्रीपासून मी उठायला शिकू लागलो.
मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवला;
पातेलं थरथरत ओट्यावरून पडलं, पोरं उठली, मी नाही.
आठला जेवलो. चहा सोडला.
नऊला डोळे मिटून पडलो तर
कानात माग सुरू, धोटा इकडून तिकडे.
गुरसिद्धप्पाला फोन केला.
"झोपताना दोन तांबे पाणी पी.
पाणीच उठवतंय पाणीवाल्याला."

भूदेवीनं हंड्यावर हात ठेवला.
"आज चौथा दिवस," ती म्हणाली.
"चौथ्या दिवसाचं पाणी, आणि दोन तांबे?"
मग स्वतःच एक भरून दिला.
एकानं साडेचारलाच जाग येते, हेही कळलं.

वडिलांना हे शिकावं लागलं नव्हतं.
मिलचा भोंगा अख्ख्या गावाला कान धरून उठवायचा.
भोंगा गप्प झाला त्यानंतरही कित्येक वर्षं
मी पाळीवरून परतायचो तेव्हा
ते शर्टाची बटणं लावून पायरीवर बसलेले असायचे.
"आलास?" म्हणायचे.
"आलो," म्हणायचो, आणि आत जाऊन झोपायचो.
एकदाही विचारलं नाही, कुठं निघालात.

आता जमतं. रोज नाही,
पण जमतं.
अंधारात सायकल, दांडीला चावी.
झाकण उचललं की झुरळं पांगतात,
खाली हात घालून अकरा आटे.
सातव्या आट्याला पाइपात काहीतरी खाकरतं.
नळ आधी हवा थुंकतात,
मग गल्लीच्या त्या टोकाला एक बादली वाजते,
एक दिवा, मोटारींची घरघर,
"आलं, आलं गं!"

सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते.
पालटा, नक्षी तीच,
रंग तेवढे एकमेकांच्या जागी गेलेले.
इतकी वर्षं मी पहाट पांघरली
ती पलीकडच्या बाजूनं.

काल सुट्टी होती.
गजर लावला नव्हता, तांब्या प्यालो नव्हतो.
पावणेचारला डोळे टक्क उघडे.
पायरीवर जाऊन बसलो.
जुन्या मिलची चिमणी अंधारातून हळूहळू वेगळी होत होती.
हात छातीशी गेला तर
शर्टाची बटणं लावलेली,
वरपासून खालपर्यंत.

आतून भूदेवी झोपेतच म्हणाली,
"पाणी आलं?"

"नाही. झोप तू."